१६ की ३२ जीबी रॅम? आधी तुमच्या गर्दीच्या तासाचा आकडा काढा

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातून शिकवणी घेणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. घरी २०१८ मध्ये असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. इंटेल आय-३ ८१०० प्रोसेसर, एच३१० चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. ताई त्यावर प्रश्नपत्रिका टाइप करतात आणि संध्याकाळी गूगल मीटवर वर्ग घेतात. सासरे यूट्यूबवर कीर्तन ऐकतात, ई-पेपर वाचतात. मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असून त्याला व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आतच दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) उबुंटू हे लिनक्स चालवायचं आहे. तिघांची तीन खाती आहेत. "कुणी बंद करत नाही, नुसतं खातं बदलतो," असं त्या लिहितात. मीट चालू असताना वर्ड उघडलं की मशीन मिनिटभर हँग होतं आणि मेमरी ८७ टक्के भरलेली दिसते. दुकानदार म्हणतो, "एकदाच ३२ टाका, पुढची चिंता नको." मुलगा १६ म्हणतो. भाऊजींच्या मते जुन्यावर खर्च करू नये, नवाच घ्यावा. "नेमकी किती रॅम घेऊ, आणि दुकानात काय सांगू?" असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, पत्रातला सगळ्यांत कामाचा तपशील तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: नुसतं खातं बदलतो. तिथूनच सुरुवात करू, कारण त्याला एक रुपयाही लागत नाही.

विंडोजमध्ये खातं बदललं की आधीच्या माणसाचे प्रोग्राम बंद होत नाहीत, ते मागे तसेच चालू राहतात. सासऱ्यांच्या क्रोममधली यूट्यूबची पानं आणि मुलाने उघडून ठेवलेला एडिटर मेमरीत जागा धरून बसलेले असतात, आणि त्यावर तुम्ही तुमचं वर्ड, क्रोम आणि मीट उघडता. तीन संसार एका खोलीत मांडल्यासारखं होतं. उद्या वर्ग सुरू करण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा आणि 'यूजर्स' या टॅबवर जा. प्रत्येक खात्यापुढे त्याने किती मेमरी धरली आहे ते लिहिलेलं असतं. तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या नावापुढे ८००-९०० एमबी दिसले, तर तुमच्या ४ जीबीतला जवळजवळ पाव हिस्सा तुम्ही बसण्याआधीच गेलेला आहे. काम संपलं की प्रत्येकाने 'साइन आउट' करायचं, एवढा नियम घरात लावा. आठवडाभर तो पाळून मग पुढची मापं घ्या, नाहीतर तिघांच्या सवयीचा भार रॅमच्या खात्यावर मांडला जाईल.

आता ते ८७ टक्के. हा आकडा बघून बहुतेक लोक घाबरतात, आणि दुकानातही तोच दाखवून रॅम विकली जाते. पण टक्केवारीवरून गरज कळत नाही. ४ जीबीच्या मशीनवर जरा काम सुरू झालं की ती ८०-९० च्या घरात जाऊन थांबते, मग खरी गरज ५ जीबीची असो की १० ची. जागा संपत आली की विंडोज मेमरीतले जुने तुकडे (त्यांना 'पानं' म्हणतात) दाबून लहान करतं किंवा डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवतं, त्यामुळे आकडा शंभरावर फारसा जातच नाही. उलट १६ जीबीच्या मशीनवर निम्मी मेमरी वापरात दिसली, तरी तिथे काही बिघडलेलं नसतं. रिकाम्या जागेत विंडोज तुमच्या नेहमीच्या फाइली आधीच आणून ठेवतं आणि गरज पडली की क्षणात सोडतं. रिकामी रॅम वीजबिल वाचवत नाही.

तुम्हाला हवा असलेला आकडा त्याच टास्क मॅनेजरमध्ये आहे. 'परफॉर्मन्स' टॅब, डावीकडे 'मेमरी', आणि खाली 'कमिटेड' या शब्दाखाली ६.८/९.९ जीबी असे दोन आकडे. पहिला आकडा म्हणजे चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांनी मिळून मागून घेतलेली मेमरी. दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून जास्तीत जास्त किती देता येईल ते. पहिला आकडा तुमच्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल, तर वरचा भाग डिस्कवर चालला आहे असं समजा.

माप कधी घ्यायचं हे महत्त्वाचं. सकाळी मशीन लावल्या लावल्या घेतलेला आकडा उपयोगाचा नाही. तुमच्या गर्दीच्या तासाला घ्या. मीटवर मुलं आलेली आहेत, स्क्रीन शेअर चालू आहे, वर्डमध्ये चित्रांसहित प्रश्नपत्रिका उघडी आहे, व्हॉट्सॲप वेब आणि आणखी आठ-दहा पानं आहेत, अशा वेळी बघा. तीन-चार दिवस कागदावर टिपा आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा धरा. प्रोग्राम मागतात ती सगळी जागा प्रत्यक्ष वापरत नाहीत, त्यामुळे हा आकडा थोडा चढाच असतो; त्याच्यावर दुप्पट-तिप्पट ठेवायची गरज नाही. ६-७ आला तर ८ जीबीत काम भागतं. ८ ते ११ आला तर १२ जीबी, त्याच्या वर १६. तुमच्यासारख्या कामाला, साइन आउटचा नियम पाळून, हा आकडा ६ ते ८ च्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे. अंदाजावर पैसे घालू नका, माप घ्या.

मुलाचं गणित वेगळं मांडावं लागतं. व्हर्च्युअल मशीनला दिलेली मेमरी ते चालू असेपर्यंत जवळजवळ पूर्णपणे बाजूला पडते. उबुंटूच्या डेस्कटॉपला ४ जीबी द्यावी लागते. आज तुमच्याकडे एकूणच ४ आहे, म्हणजे ते सुरूच होणार नाही, झालं तरी वापरता येणार नाही. १२ जीबी असेल तर ४ उबुंटूला देऊन ८ विंडोजला उरतात. दोन्ही नीट चालतात, अट एवढीच की त्या वेळी तुमचा वर्ग चालू नसावा आणि तुमचं खातं मागे उघडं राहिलेलं नसावं. उबुंटूला चारपैकी दोनच कोअर द्यायला त्याला सांगा, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का तेही बघायला सांगा. बंद असलं तर उबुंटू सुरू होताना अडतं आणि दोष उगाच रॅमवर येतो.

तरीही, ताई, मिनिटभर हँग होण्यात निम्मा वाटा हार्ड डिस्कचा आहे, आणि त्याबद्दल पत्रात कुणाचंच मत नाही. रॅम कमी पडली की विंडोज ४ केबीची पानं डिस्कवर ठेवतं आणि लागतील तेव्हा परत आणतं. फिरत्या हार्ड डिस्कला वेगळ्या जागेवरचं एक पान शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. विखुरलेली हजार पानं, म्हणजे जेमतेम ४ एमबी, आणायला १० सेकंद. तेवढ्यात मीटचं पान, वर्ड आणि अँटिव्हायरस तिघेही रांगेत उभे असतात. म्हणून माउस गोठतो. एसएसडीला (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) तेच पान आणायला एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास लागतं, हजार पानांना एक दशांश सेकंद.

हे तुमच्या मशीनवर बघता येईल. हँग झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क' उघडा. तिथे १०० टक्के आणि खाली वाचण्या-लिहिण्याचा वेग जेमतेम एक-दोन एमबी असेल, तर डिस्क विखुरलेली पानं शोधत धावते आहे. त्याच सुमारास 'रिसोर्स मॉनिटर'च्या मेमरी टॅबवर 'हार्ड फॉल्ट्स' (डिस्कवरून परत आणावी लागलेली पानं) या रकान्यात शेकड्यांनी आकडे सतत दिसत राहिले, तर रॅम अपुरी आहे हे पक्कं. एखादा प्रोग्राम उघडताना क्षणभर आकडा उसळतो, त्याची चिंता नको. आणि डिस्क १०० टक्के असूनही हार्ड फॉल्ट्स शून्याजवळ असतील, तर दोष अपडेटचा, अँटिव्हायरसचा किंवा मरायला टेकलेल्या डिस्कचा आहे. तिथे ३२ जीबी टाकूनही फरक पडणार नाही.

म्हणून माझा क्रम असा: एसएसडी आणि ८ जीबीची एक पट्टी, शक्यतो दोन्ही एकदम. बजेटमध्ये एकच बसत असेल तर तुमच्या बाबतीत मी आधी एसएसडी घेईन, कारण अपुऱ्या रॅमचा त्रासही त्याने बराच सुसह्य होतो. ८ जीबी असलेल्या आणि हार्ड डिस्कवर चालणाऱ्या मशीनच्या मालकांनी तर रॅमचा विचार करण्याआधी एसएसडीच टाकावी.

आता ३२ चं. "पुढची चिंता नको" हे ऐकायला बरं वाटतं, पण पुढे काय होणार आहे ते बघू. आय-३ ८१०० हा २०१७ साली बाजारात आलेला चार कोअरचा प्रोसेसर आहे. चार-पाच वर्षांनी हे मशीन बदलावंसं वाटलं, तर ते प्रोसेसरमुळे वाटेल. तेव्हा ही ३२ जीबी उचलून नव्या मशीनमध्ये टाकता येणार नाही. तुमची रॅम डीडीआर४ आहे, नव्या मशीनमध्ये डीडीआर५ असते; दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी आहे, व्होल्टेज १.२ आणि १.१ असं वेगळं आहे, एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. आज न लागणारी मेमरी आज विकत घेऊन साठवण्यात काही हशील नाही. त्यातून २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव खूप चढले आहेत. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी उत्पादन एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवलं, आणि डीडीआर४ तर त्या हळूहळू बंदच करत आहेत. ३२ जीबी ज्यांना खरंच लागते असे वाचक आहेत: ४के व्हिडिओ एडिटिंग करणारे, एका वेळी दोन-तीन व्हर्च्युअल मशीन चालवणारे, शेकडो मोठे फोटो एकत्र हाताळणारे. एमुलेटरसह अँड्रॉइड स्टुडिओ वापरणाऱ्यांनी १६ हा खालचा आकडा धरावा.

भाऊजींचं म्हणणं मात्र झटकून टाकण्यासारखं नाही. विंडोज १० चं नेहमीचं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, त्यामुळे पैसे घालण्याआधी हे मशीन पुढे नेता येतं का हे तपासायलाच हवं. तुमचं नशीब की प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे साधारणपणे तिथूनच पुढचे प्रोसेसर आहेत. बायोसमध्ये 'पीटीटी' नावाचा पर्याय चालू केला की विंडोज ११ ची टीपीएम २.० ही सुरक्षेची अट पूर्ण होते. नवी एसएसडी टाकताना तिच्यावर थेट विंडोज ११ नव्याने इन्स्टॉल करून घ्या, बायोस 'यूईएफआय' पद्धतीवर ठेवून. जुन्या हार्ड डिस्कवरचा सगळा गोंधळ तसाच नव्या डिस्कवर उतरवू नका. विंडोज ११ साठी कंपनीने किमान ४ जीबी लिहिली असली, तरी तेवढ्यात ते नुसतं सुरू होतं असं म्हणावं लागेल. सातव्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या मशीनवाल्या वाचकांना मात्र माझा सल्ला वेगळा आहे: त्यांनी रॅमवर मोठा खर्च करण्याआधी भाऊजींचं ऐकावं, किंवा लिनक्सवर जावं.

१२ की १६, हा प्रश्न उरतो. तुमच्या बोर्डवर दोन स्लॉट आहेत. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' समोर '१ ऑफ २' दिसलं, तर जुनी ४ ची पट्टी तशीच ठेवून शेजारी ८ ची टाकता येईल. मापं वेगळी असली की चालत नाही असं सांगितलं जातं, ते खरं नाही. इंटेलच्या बोर्डवर दोन्हीकडचे ४-४ जीबी ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही पट्ट्यांवर एकाच वेळी काम) चालतात आणि वरचे ४ सिंगलमध्ये. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही असं धरतो. मग स्क्रीनचं कामही याच रॅममधून होतं, त्यामुळे दुसऱ्या पट्टीचा व्हिडिओला थोडा जास्तच फायदा होईल. 'स्लॉट्स यूज्ड'समोर '२ ऑफ २' दिसलं, म्हणजे २-२ च्या दोन पट्ट्या निघाल्या, तर दोन्ही काढून ८ ची एक घ्या आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवा. दोन ८ च्या घेऊन १६ करायची तर आकडा ११ च्या वर गेल्याचा कागद हातात असू द्या. (लॅपटॉपवाल्यांनी त्याच पानावर 'फॉर्म फॅक्टर' बघावा. 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर ती रॅम बोर्डवरच बसवलेली आहे, काढता येणार नाही. वाढवायची तर रिकामा स्लॉट असेल तरच.)

वेगाच्या आकड्यात अडकू नका. तुमचा प्रोसेसर २४०० च्या वेगाने मेमरी चालवतो. दुकानात २६६६ किंवा ३२०० ची पट्टी मिळाली तरी ती बसते आणि २४०० नेच चालते. त्यासाठी जादा पैसे मोजू नका. स्वस्तात मिळणाऱ्या सर्व्हरच्या रजिस्टर्ड पट्ट्या घरच्या बोर्डवर चालत नाहीत. डीडीआर३ चं जुनं मशीन असलेल्यांनी तर "फक्त एएमडीसाठी" असं बारीक अक्षरात लिहिलेल्या स्वस्त पट्ट्यांपासून लांब राहावं, इंटेलच्या बोर्डवर त्या डिस्प्लेच देत नाहीत.

पट्टी मुलगा घरीच बसवू शकेल. मशीन शटडाउन करून प्लग काढायचा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची, कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा आणि मगच पट्टी धरायची, तीही कडांना. खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर जुळली पाहिजे. जुळत नसेल तर जोर करू नये, पट्टी उलटी आहे. दोन्ही टोकं अंगठ्यांनी सरळ खाली दाबायची, क्लिप आपणहून बंद झाल्याचा टक् असा आवाज येतो. नवशिके इथेच चुकतात: एक टोक बसतं, दुसरं दीड मिलिमीटर वर राहतं आणि स्क्रीन काळी राहते. काही बोर्डांवर एकाच टोकाला हलणारी क्लिप असते, तिथे दुसरं टोक आधी बसवावं.

पहिल्यांदा सुरू करताना मशीन एक-दोनदा आपणहून बंद-चालू होऊ शकतं, मिनिटभर वाट बघा. तरीही डिस्प्ले आला नाही किंवा बीप वाजत राहिले, तर प्लग काढून दोन्ही पट्ट्या बाहेर घ्या. सात-आठ वर्षं बसून असलेल्या पट्टीच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढलेला असतो. पांढऱ्या खोडरबराने तो हलक्या हाताने पुसा, चुरा कॅबिनेटपासून दूर झटका, आणि एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. दोष पट्टीचा, स्लॉटचा की जोडीचा, हे चार प्रयत्नांत कळतं.

सुरू झाल्यावर एकूण १२ जीबी दिसते का बघा. त्याच पानावर 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' समोर गीगाबाइटमध्ये आकडा आला, तर पट्टी नीट बसलेली नाही किंवा विंडोज ३२ बिटचं आहे. दुसऱ्या स्थितीत ४ जीबीच्या वरची रॅम वापरातच येत नाही. मग रात्री झोपताना मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवा. एक जरी चूक दाखवली तरी पट्टी परत करायची, "विंडोज तर चालतंय" हे उत्तर मान्य करू नका. खराब मेमरीने निळी स्क्रीन येते तेव्हा ती निदान दिसते तरी. न सांगता फाइली बिघडतात तेव्हा मुलांचे गुण असलेली एक्सेल शीट महिन्याभराने उघडत नाही. नवी एसएसडी लावण्याआधी प्रश्नपत्रिकांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, त्याचं कारणही तेच आहे.

दुकानात सांगायचं ते असं: "डेस्कटॉपची डीडीआर४, ८ जीबी, एकच पट्टी, १.२ व्होल्ट, २४०० किंवा २६६६, सर्व्हरची नको. जुन्या ४ जीबीबरोबर चालली नाही तर आठ दिवसांत बदलून द्याल का? आणि ५०० जीबीची साटा एसएसडी, डेटा केबलसह." बिलावर पट्टीचा सिरियल नंबर लिहून घ्या. घरी आल्यावर सीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्राम उघडून 'एसपीडी' टॅबवर कंपनीचं नाव आणि बनवल्याचा आठवडा बघा. स्टिकरवर एक नाव आणि आत दुसरंच निघालं, तर पट्टी त्याच दिवशी परत न्या.